न पुकारलेला कार्यक्रम

भोंगेकाकांच्या गाडीला तीन चाकं होती आणि त्यातलं एक कायम रुसलेलं असायचं. टपावर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं. सीटशेजारी बॅटरी आणि खिळ्याला अडकवलेला माइक. या गाडीतून ते गावभर फिरून या आठवड्यात कुठं काय आहे ते सांगायचे. वाचनालयात चित्रांचं प्रदर्शन, बागेतल्या चबुतऱ्यावर वाद्यवृंद, शाळेत मुलांचं नाटक, गिरणीमागच्या शेडमध्ये मातीकामाचा वर्ग. लहानथोरांनी यावं, येताना शेजाऱ्यालाही उठवून आणावं. हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि त्यावर सगळं कळतं असं म्हणतात. पण फोनवर वाचलेलं माणूस विसरतो आणि भोंग्यातून कानात कोंबलेलं विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही, हे काकांचं ठाम मत होतं, आणि त्यावर कोणी वाद घालायला आलं तर काका माइक चालू ठेवूनच वाद घालत.

स्वतः काका मात्र यातल्या कशालाच गेले नव्हते. लोकांना वाटायचं, एवढा पुकारा करणारा माणूस म्हणजे रसिक असणार. कसला रसिक. चित्रांनी भिंतीचे पोपडे झाकतात आणि नाटकात मोठ्यानं बोलल्याचे हार घालतात, यापलीकडे त्यांचं कलेशी भांडणही नव्हतं आणि दोस्तीही नव्हती. आणि खरं कारण त्यांच्या कामातच होतं. दिवसभराच्या फेऱ्या नुसत्या माहितीच्या. खरी फेरी शेवटची, कार्यक्रमाच्या तोंडावरची. दारात उभं राहून जाऊ की नको करणाऱ्या माणसाला ढकलून बाहेर काढायची. ‘आत्ता सुरू होतंय, अजून जागा आहे’ एवढंच त्यात म्हणायचं, आणि कार्यक्रम सुरू झाला तरी म्हणतच राहायचं, कारण अस्सल आळशी माणूस तेव्हाच खुर्चीतून उठतो. त्यामुळं आत पहिला सूर लागायचा तेव्हा काका कुठल्यातरी लांबच्या गल्लीत असायचे, आणि आत शेवटची टाळी पडायची तेव्हा घरी न्हाणीघरात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत.

त्यांची बायको गायची. गावात तिला सगळे काकू म्हणत. गायनमंडळात आधी मागच्या रांगेत, मग पुढच्या, आणि पुढं पुढं तिला एकटीचंही गाणं मिळायला लागलं. काकांनी तिचा एकूण एक कार्यक्रम पुकारला, पण पुकारताना नुसतं ‘गायनमंडळाचं गाणं’ म्हणायचे. घरच्या माणसाचं नाव भोंग्यातून घ्यायचं म्हणजे आपणच आपली पाठ थोपटायची, असं त्यांना वाटे. घरी ती गात नसे. भाजी चिरताना गुणगुणायची, आणि काका आत आले की थांबायची. ती थांबते हे त्यांच्या ध्यानात होतं. का थांबलीस, हे विचारायचं तेवढं राहिलं.

“एकदा आत येऊन बसा की,” ती म्हणायची.

“मी आत बसलो तर बाहेर कोण ओरडणार?”

“एक दिवस नाही ओरडलात तर गाव काही बहिरं होत नाही.”

“बरं. पुढच्या वेळी.”

पुढची वेळ कितीतरी वेळा आली. मग ती आजारी पडली आणि मग गेली, त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता. भेटायला येणारं प्रत्येक माणूस काकांचा हात हातात घेऊन सांगायचं, काकू काय गायच्या हो. काका मान हलवायचे. जिच्याबरोबर जन्म काढला तिचा आवाज कसा लागायचा हे त्यांना दुसऱ्यांकडून कळत होतं, आणि ‘म्हणजे कसा?’ असं उलट विचारायचीही सोय नव्हती. कोणाच्या फोनमध्ये एखादं गाणं असेल म्हणून त्यांच्या मुलीनं पुष्कळ शोधलं. एक सापडलं. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत फोनशेजारी बसलेल्या कोणाचं तरी बाळ इतकं रडत होतं, की गाणं ऐकूच येत नव्हतं.

तर त्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारी, गाडी फुलांच्या दुकानापुढं सावकाश नेत असताना फुलवाली बाहेर आली आणि म्हणाली, “रविवारी येतेय बरं का मी. दुकान लवकर बंद करून.”

“रविवारी काही नाही,” काका म्हणाले. “शनिवारी नाटक आहे. त्याला ये.”

“झालं. सकाळी इथं घसा फाडून सांगून गेलात, आणि आता काही नाही म्हणता.”

सकाळी काका त्या रस्त्याला फिरकलेच नव्हते. रुसलेलं चाक मांडीवर घेऊन गॅरेजात बसले होते. बाई दुसऱ्या कोणाचं तरी ऐकून आपल्या माथी मारतेय, असं म्हणून त्यांनी गाडी पुढं काढली. पण गावात दुसरा भोंगेवाला नव्हता, हे त्यांना पुढच्या वळणावर आठवलं.

शिंप्याच्या दुकानात गोष्ट आणखी बिघडली. हा शिंपी गायनमंडळात पेटी वाजवायचा. काकू गेल्यापासून त्यानं पेटी माळ्यावर टाकली होती, ती आज शिवणयंत्राशेजारी उघडी पडलेली होती आणि तो ओल्या फडक्यानं एकेक पट्टी पुसत होता.

“हे काय काढलंस?”

“रविवार आला ना जवळ.” शिंप्यानं मान वर केली नाही. “एक मात्र बरं केलंत काका. या वेळी नाव घेतलंत. इतकी वर्षं नुसतं मंडळ मंडळ करत होतात. आम्ही आपसात हसायचो, की भोंगेकाका बायकोला घाबरतात म्हणून नाव घेत नाहीत.”

“कोणाचं नाव घेतलं मी?”

शिंप्यानं फडकं खाली ठेवलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं. “असली थट्टा करू नये काका,” तो हळूच म्हणाला आणि पुन्हा पट्ट्या पुसायला लागला.

काका तसेच बाहेर आले. ती गेली हे या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. खांदा द्यायला तो पुढं होता. हे त्याला तोंडावर विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अहो हो की, मी विसरलोच. आणि ते ऐकायला काकांची तयारी नव्हती. आपण घाबरलोय असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण छातीत जे हलत होतं ते भीतीसारखं नव्हतं. रेल्वेच्या फलाटावर कोणाला आणायला गेल्यावर जे हलतं, तसं काहीतरी ते होतं.

गुरुवारी ते दाढी करायला सलूनमध्ये बसले. गाडी समोर रस्त्याला लावलेली, किल्ली त्यांच्या खिशात, गालाला फेस, आणि समोरच्या आरशात आपल्या खांद्यावरून गाडी पूर्ण दिसत होती. न्हाव्याचा हात मध्येच थांबला.

“एक मिनिट हं. ऐकू द्या.”

बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकानं पेपर खाली केला. शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं अर्ध्या कापलेल्या केसांनिशी तोंड रस्त्याकडं वळवलं. सगळे कान देऊन ऐकत होते, आणि एकाच्या चेहऱ्यावर तर घरच्या लग्नाचं निमंत्रण आल्यासारखं हसू होतं. काकांना पंख्याची घरघर ऐकू येत होती, बाकी काही नाही. आरशात गाडी जागची हलली नव्हती. सीट रिकामी होती.

“रविवारी संध्याकाळी, गायनमंडळाच्या हॉलमध्ये,” न्हावी म्हणाला आणि वस्तरा पुन्हा चालू झाला. “छान. फार दिवस झाले होते.”

“बाहेर कोण बोललं?”

“हलू नका, कापेल.”

“अरे, पण कोण बोललं?”

“या गावात तुमच्याशिवाय दुसऱ्याला बोलायला मिळतं का?” न्हावी म्हणाला, आणि सगळं सलून हसलं.

घरी मुलगी वाट पाहत होती. ती दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करायची आणि लग्न न करता बापाकडं राहिली होती. जेवायला वाढून ती स्वतः मात्र बसली नाही.

“बाबा, तुम्ही आईचं नाव घेतलंत.”

“मी नाही घेतलं.”

“मी खिडकीत होते. माझ्या कानांनी ऐकलं.” ती त्यांच्याकडं औषध मागायला आलेल्या माणसाकडं पाहावं तसं पाहत होती. “आपण एकदा डॉक्टरांना भेटू. वयानं होतं असं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि गाडीची किल्ली माझ्याकडं द्या.”

इतर कुठल्याही दिवशी किल्लीचं नाव काढणाऱ्याला काकांनी सोलून काढलं असतं. त्या दिवशी त्यांनी किल्ली मुकाट्यानं ताटाशेजारी ठेवली.

“आवाज माझाच होता?”

“तुमचाच. पण...” मुलगी अडखळली. “इतकं चांगलं तुम्ही कधी बोलला नाहीत. आमच्या घरातलं माणूस गाणार आहे, असं म्हणालात. मी स्वतः पुढं बसून ऐकणार आहे, तुम्हीही या, असं म्हणालात.”

काकांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “रविवारी मला हॉलवर घेऊन चल. तिथं कुलूप असलं तर सोमवारी तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येतो, गाडीही विकून टाक. पण उघडं असलं तर मला एकदा ऐकायचंय. एकदाच. मग माझं डोकं फिरलंय असं लिहून दिलंत तरी हरकत नाही.”

रविवारी हॉल उघडा होता. रखवालदार दारं सारत होता, रोजच्यासारखा जांभया देत. माणसं येत होती, दोघं-चौघं मिळून, अंगावर ठेवणीतले कपडे, बोलत, हसत. काका पायरीशी थांबून बघत राहिले. जन्मभर त्यांनी माणसांना घरातून निघताना पाहिलं होतं. ती पोहोचतात कशी हे ते पहिल्यांदाच बघत होते. कोणी कोणासाठी दार धरून ठेवत होतं. म्हातारी माणसं आधी खुर्चीची पाठ चाचपून मग बसत होती. एवढं सगळं आपल्या ओरडण्याच्या दुसऱ्या टोकाला रोज होत होतं, आणि ते बघायला येणं मुळीच अवघड नव्हतं, गाडी कुठल्याही भिंतीला लावून चार पावलं आत यायचं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी जागा ठेवलेली होती.

“आज बाहेर कोण मग?” मागून कोणीतरी चिडवलं.

“आज बाहेर कोणी नाही,” काका म्हणाले.

दिवे मंद झाले. शिंपी पेटीवर बसला. आणि ती आली. आजारपणाआधीची, भरल्या अंगाची, निळे कपडे घातलेली. आली आणि माइकची उंची आपल्या मापानं थोडी खाली केली. हॉलमध्ये कोणी दचकलं नाही. मुलीनं काकांचा हात धरला, आणि तिच्या हाताला कंप नव्हता. काकांच्या मनात प्रश्न म्हणून एकही उरला नाही. मान पुढं काढून, तोंड थोडं उघडं ठेवून, ते लहान पोरासारखे ऐकायला बसले.

तिनं कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि ओठ उघडले.

“आत्ता सुरू होतंय,” बाहेर भोंगा म्हणाला. “अजून जागा आहे.”

आवाज काकांचा होता. लांबच्या गल्लीतून येत असला तरी त्यानं हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत भरून टाकला. पेटीचा एक सूर त्याखालून वर येईना. काकांनी मुलीच्या कानाशी तोंड नेलं. “खिडकी लावून घ्यायला सांग.”

“लावलेलीच आहे.”

“मग तो भोंगा...”

“कुठला भोंगा, बाबा? ऐका ना.” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

काकांनी कानांत बोटं घातली. भोंगा तेवढाच राहिला. त्यांनी बायकोच्या ओठांवर नजर लावली. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणत होती, डावा हात सुराबरोबर हळूहळू वर चढत होता. मग त्यांना आपलाच धंदा आठवला. पुकारा करणाऱ्याला कुठं ना कुठं दम घ्यावा लागतो, आणि आपण तो कुठं घेतो हे त्यांना पाठ होतं. ‘जागा आहे’च्या पुढं. तेवढ्या फटीतून एखादी ओळ, निदान एखादा शब्द तरी कानावर पडेल म्हणून ते वाट बघत राहिले. जागा आहे, भोंगा म्हणाला, आणि तिथूनच पुढं म्हणाला, आत्ता सुरू होतंय. तो दम घेत नव्हता.

गाणं संपलं असावं. सगळ्यांचे हात एकमेकांवर आपटत होते आणि त्यांचा आवाज होत नव्हता. तिनं पाण्याचा घोट घेतला, पुढच्या रांगेवरून डोळे फिरवले आणि काकांवर आणून थांबवले. तिनं काहीतरी विचारलं. ते समजायला काकांना कानांची गरज नव्हती. तिच्याबरोबर राहून तिच्या चेहऱ्यावरचे तेवढे प्रश्न त्यांना वाचता येत होते.

ऐकू येतंय ना?

सगळा हॉल काकांकडं वळून बघत होता. मुलगीही बघत होती.

“येतंय,” काका म्हणाले. “छान येतंय.”

ती हसली, अगदी मनापासून, आणि तिनं पुढच्या गाण्यासाठी डोळे मिटले. बाहेर गाडी कोपऱ्यावर वळली आणि सावकाश हॉलच्या रस्त्याला लागली.