बुचावरची तारीख

गल्लीत त्यांना सगळे बूटवाले म्हणायचे. नुसते बूट विकणारे शहरात पुष्कळ होते, पण ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, अशांसाठी उंच सोलचा जोडा करणारे हे एकटेच. बुचाचे थर एकावर एक चिकटवायचे, रापीने तासायचे आणि खाली रबर लावायचं. रबर लावण्याआधी बुचावर पेन्सिलीने तारीख टाकायची ही त्यांची जुनी खोड. झिजलेला सोल परत आला की तो उचकटायचा, तारीख बघायची, शेजारी त्या दिवसाची टाकायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "चारच महिने टिकला. फार भटकता बुवा तुम्ही!"

त्यांना एकुलती एक लेक. नाव काहीही असो, घरात ती ठकू. आई गेल्यापासून दोघंच होते, आणि बाबांनी आयुष्यात तिला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. लहानपणी तिने त्यांच्या नव्याकोऱ्या कातड्यावर कात्रीने फुलं कापली, तेव्हासुद्धा हा माणूस म्हणाला, "पाकळ्या छान आल्यात."

ठकू अर्थशास्त्र शिकून आली आणि दुकानाची कळा बघून तिने कपाळाला हात लावला. साध्या चपलांवर काही सुटत नव्हतं. उंच सोल बाबा वर्षानुवर्षं चारशेला लावत होते.

"बाबा, तुम्हाला कळतंय का, तुम्ही मक्तेदार आहात!"

"मी कुणाचं काय केलं?" बाबा घाबरलेच.

मग तिने त्यांना समोर बसवून शिकवलं. भाव वाढवला की गिऱ्हाईक किती पळतं, ती मागणीची लवचिकता. साध्या चपलेचं गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी समोरच्या दुकानात जातं. उंच सोलचं जाणार कुठे? आणि आणखी एक सोल करायला लागणारा खर्च, म्हणजे सीमांत खर्च, तो किती? बूच, रबर, गोंद आणि बाबांचा तासभर, सगळं मिळून शंभर. "जिथे माणसं पळत नाहीत तिथे भाव वाढवायचा. पळायला लागली की थांबायचं. सहाशे करू या."

बाबांना ते काही पटलं नाही. पण ठकूच्या सरांनी आपल्या कचेरीत तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, वर्षभराच्या बोलीवर. "वर्षात दुकान सावरलं तर मी इथेच," ती म्हणाली होती. "माझं गणित चुकलं तर जाईन." ती गेली तर या दुकानात आपण नुसत्या जोड्यांशी बोलत बसणार, हे बाबांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मान डोलावली.

पहिले चार महिने ठकूची चांदी होती. अठ्ठावीस गिऱ्हाइकांपैकी एकही पळालं नाही. सगळी आली, थोडी कुरकुरली आणि सहाशे देऊन गेली. ठकू दुकानभर गाणी गुणगुणत होती, आणि तिला बघून बाबांनाही वाटलं, शिकलेल्या पोरीचं ऐकावं ते काही खोटं नाही.

मग दुकान ओस पडलं. ठकू म्हणाली, मंदी असेल. बाबा पाठ फिरवून रबर कापत राहिले. सहाव्या महिन्यात त्यांना शाळेतल्या भूगोलाच्या बाई रस्त्यात दिसल्या होत्या. बाईंचा डावा पाय दोन बोटं आखूड. बाबांच्या जोड्यावर त्या इतक्या सरळ चालायच्या, की वर्गातल्या मुलांनाही पत्ता नसायचा. त्या दिवशी त्या भिंतीला धरून चालल्या होत्या. बाबांनी हाक मारली नाही. मान खाली घालून ते दुसऱ्या गल्लीत वळले.

आठव्या महिन्यापासून गिऱ्हाइकं परत येऊ लागली. जोड्यांत पुठ्ठे कोंबलेले, सोल एका बाजूने पार खाल्लेले. ठकू बँकेत नाहीतर बाजारात गेली की बाबा ते सोल झटपट उचकटायचे आणि स्टुलाखालच्या पोत्यात टाकायचे. ठकूने काही विचारलंच तर म्हणायचे, "चालायचंच." पोरीसमोर खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं.

वर्ष भरायला पंधरा दिवस होते. बाबा चहा घेऊन आले तर ठकू जमिनीवर बसलेली. बूच शोधायला म्हणून तिने पोतं ओढलं होतं, आणि आता तिच्याभोवती जुने सोल पसरले होते. प्रत्येकावर दोन तारखा: लावल्याची बाबांनी घातलेली आणि शेजारी, सवयीनेच, उचकटल्याची.

"आठ महिने," ती म्हणाली. "हा आठ. हा साडेआठ. हा भूगोलाच्या बाईंचा, नऊ. पूर्वी सगळे चार महिन्यांत यायचे ना?"

"हो."

"म्हणजे वर्षाला तीन सोल, तीनशे सुटायचे, एका माणसामागे नऊशे. आता दीड सोल, पाचशे सुटतात, साडेसातशे. लोक पळाले होते, बाबा. दुकानातून नाही पळाले, कॅलेंडरातून पळाले. मी डोकी मोजत बसले, मोजायचे होते सोल." तिने मान वर केली. "तुम्हाला कधी कळलं?"

"सहाव्या महिन्यात. बाई रस्त्यात भिंतीला धरून चालताना दिसल्या."

"आणि गप्प बसलात?"

"तू गेली असतीस."

ठकूचा आवाज चढला. "जन्मात कुणाला लंगडू दिलं नाहीत तुम्ही! आणि माझ्यासाठी बाईंना भिंतीला धरून चालू दिलंत?"

"दिलं," बाबा म्हणाले. हातातला चहा त्यांनी खाली ठेवला. "फार लाज वाटते मला. पण दिलं."

ती रडली आणि बाबाही रडले. मग तिने उठून पाटीवरचे सहाशे पुसून चारशे लिहिले. बाईंना पहिला सोल फुकट द्यायचा, असंही तिने परस्पर ठरवून टाकलं.

"आता तू जाणार," बाबा म्हणाले.

"गणित चुकलं म्हणून नाही जाणार. पण चुकल्यावर जिथे कुणी सांगत नाही, तिथे राहू कशी? आज सहाशे केले, उद्या आणखी काही करीन, आणि तुम्ही सगळं पोत्यात भरत बसाल." तिने डोळे पुसले. "सांगा मला काहीतरी. एक चूक. आत्ता."

बाबा अवघडले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं. कोपऱ्यात, आदल्या दिवशी ठकूने हौसेने स्वतः केलेला एक जोडा वाळत होता. काल त्याला ते 'झकास' म्हणाले होते.

"तो डावा," बाबा म्हणाले. त्यांनी जोड्याकडे बोट दाखवलं. "तो डावा सोल वाकडा लागलाय. घातला तर माणसाची कंबर धरेल. काढ तो."

ठकूने तो डावा जोडा उचलला. मग तिने रापी घेतली आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"कुठून उचकटू?"

"टाचेकडून," बाबा म्हणाले. "आणि रापी अशी नाही धरत."