दोन फोटोंची गाय

गणेशमानने गवताचं दुसरं शिंग बांबूच्या टोकाला आवळून बांधलं, सुतळी दातांनी तोडली आणि एक पाऊल मागे सरून पाहिलं. शिंग डावीकडे कललं होतं. त्याने ते पुन्हा सोडलं.

"बा, तिसऱ्यांदा सोडताय," दारातून त्याची सून रोजिना म्हणाली. "ढोलवाले येतील एवढ्यात."

"येऊ देत."

चाळीस वर्षं मडकी घडवलेल्या बोटांना आज एक गाठ धड मारता येत नव्हती. अंगणात बांबूची उंच चौकट उभी होती. तिच्याभोवती कापड गुंडाळलेलं, वर काळी छत्री, आणि मधोमध त्याच्या मुलाचा, बिकेंद्रचा फोटो. लग्नातला, टोपी घातलेला. वर्षभरात ज्या ज्या घरातलं माणूस गेलं होतं, त्या प्रत्येक घरासमोर आज, गाईंच्या जत्रेच्या दिवशी, भक्तपुरात अशी गाय उभी होती, गेलेल्याला पुढची वाट दाखवायला. काही घरांसमोर दोन होत्या.

भट्टीच्या ओट्यावर योस्त बसला होता. साडेसहा फुटांचा म्हातारा, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकलेले. हॉलंडमध्ये कुठल्याशा कालव्यावरचा पूल वर-खाली करायची नोकरी त्याने तीस वर्षं केली होती. त्याची मुलगी फेमके गेल्या कार्तिकात बिकेंद्रबरोबर डोंगरात गेली, ती आलीच नाही. बिकेंद्र वाटाड्या होता. तो आला, पण बर्फाने पाय काळेनिळे पडून. आणि अकराव्या दिवशी इस्पितळातच वारला.

योस्त काल संध्याकाळी आला होता. रोजिना सासऱ्याला बा म्हणते हे ऐकून त्याला तेच नाव वाटलं, आणि तोही 'मिस्टर बा' म्हणू लागला. शेजारचा बद्री हसून हसून लोळला होता. मोड आलेल्या नऊ कडधान्यांचं कालवण योस्तने दोनदा मागून खाल्लं, आणि मग इंग्रजी येणाऱ्या रोजिनाला मध्ये बसवून जे बोलायला आला होता ते बोलला.

"म्हणतायत, माझी मुलगी दरीत पडली, तरी तुमच्या मुलाने रात्रभर बर्फात तिला शोधलं. जीव गेला त्याचा त्यापायी," रोजिनाने सांगितलं. तिचा आवाज ताठ होता. नवऱ्याचं नाव असं कोणी घेतलं की तो तसाच होत असे. "म्हणतायत, तिच्याजवळ शेवटी कुणीतरी चांगलं माणूस होतं, एवढ्यावर मला झोप लागते."

गणेशमानने तेव्हा मान हलवली होती आणि भांडी उचलायला सुरुवात केली होती.

आता योस्त ओट्यावरून उठला. त्याने पाकिटातून एक फोटो काढला आणि रोजिनाशी हळू काहीतरी बोलला. होडीत बसलेली, नाकावर ऊन घेतलेली पोरगी. रोजिनाने तो दोन्ही हातांनी घेतला.

"बा, हा पण लावू का? विचारतायत. चालत नसेल तर राग नाही म्हणतायत."

"ते लोक आपले नाहीत, पोरी. त्यांचा देव वेगळा."

"पण गेले तर दोघं एकत्रच ना?" रोजिना म्हणाली. "यांनी रात्रभर एवढं शोधलं तिला. आता वाटेत एकटी कशी सोडायची?"

सुतळीचं बंडल गणेशमानने तिच्याकडे सरकवलं. रोजिनाने फेमकेचा फोटो बिकेंद्रच्या शेजारी बांधला, कडा जुळवून.

ढोल आले. चौघांनी गाय खांद्यावर घेतली: पुढे गणेशमान आणि योस्त, मागे बद्री आणि त्याचा भाऊ.

"पाहुण्याला गुडघे वाकवायला सांगा रे," मागून बद्री ओरडला, "नाहीतर गाय आमच्या अंगावर पालथी होईल!"

रोजिनाने सांगितलं. योस्त खरंच गुडघे वाकवून चालू लागला आणि गल्लीतल्या बाया हसल्या. आजच्या दिवशी हसायचंच असतं. पुढे पोरंटोरं, बाप्ये, म्हाताऱ्या दोन रांगांत एकमेकांच्या काठीवर काठी मारत नाचत होते. कुणी तोंडाला काजळ फासलं होतं, कुणी पुढाऱ्याचं सोंग घेतलं होतं. एका गाईमागे एक गाय, छत्रीमागे छत्री. त्या गर्दीतून रडणं कुठून येतंय ते कळत नव्हतं, ढोलांत मिसळून जात होतं.

योस्त दर गाईकडे मान वर करून पाहत होता. प्रत्येक फोटोपाशी त्याचे ओठ हलत. तो मोजतोय की प्रार्थना करतोय, हे गणेशमानला समजेना. एका गाईवर सहा महिन्यांच्या बाळाचा फोटो होता. तो पाहून योस्त थबकला आणि बांबू गणेशमानच्या मानेत रुतला.

मोठ्या देवळाच्या चढावर रांग अडली. पुढच्या कुणाची तरी गाय तारेत अडकली होती. खांद्यावर ओझं घेऊन सगळे उभे राहिले. ढोल मात्र थांबले नाहीत. योस्तच्या मानेवरून घाम निथळत होता. त्याने मोकळा हात गणेशमानच्या हातावर ठेवला, वरच्या दोन फोटोंकडे पाहिलं आणि सकाळी रोजिनाकडून घोकलेले शब्द जपून उच्चारले.

"धन्यवाद, बा. छोरा असल."

मुलगा चांगला होता.

गणेशमानने समोर पाहिलं. समोर माणसांच्या पाठी होत्या. आणि मग नऊ महिने जे सोबत घेऊन तो एकटाच राहिला होता ते त्याच्या तोंडून नेवारीत, घरच्या बोलीत, बाहेर पडलं, सावकाश, जणू मातीचा भाव सांगतोय.

"पडली नव्हती ती. पाय मोडला होता तिचा. खडकाच्या आडोशाला बसवून हा निघाला. खाली गावात विचारलं तर म्हणाला, माझ्या डोळ्यांदेखत दरीत गेली. म्हणून कुणी वर गेलंच नाही. कुणी शोधलं नाही तिला. रात्रभर हा उतरत होता. मला इस्पितळात सांगितलं, माझा हात धरून. सत्तावीस वर्षांचा होता. घाबरला."

योस्तने मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने गणेशमानचा हात घट्ट दाबला.

तेवढ्यात गणेशमानला शेजारी पितळी लोटा दिसला. तो अर्ध्यावरच थांबला होता. रोजिना पाणी द्यायला पुढे आली होती. कधी आली, त्याला कळलं नव्हतं.

योस्तने तिला काहीतरी विचारलं. काय विचारलं हे समजायला भाषा यावी लागत नव्हती.

रोजिना सासऱ्याकडे पाहत राहिली. मागून बद्री ओरडला, "अरे, मेलो आम्ही, हला पुढे!" मग तिने योस्तकडे वळून दोन वाक्यं सांगितली. योस्त ओल्या डोळ्यांनीच हसला, मान जोरात हलवून नाही म्हणाला, आणि बांबू खांद्यावर आणखी घट्ट धरला.

"काय सांगितलंस?" गणेशमानने विचारलं.

"तुमचे गुडघे दुखत असतील, बांबू थोडा वेळ दुसऱ्याला द्या, असं बा म्हणतायत, म्हणून सांगितलं." ती लोट्यातल्या पाण्याकडे पाहत होती. "शेवटपर्यंत मीच नेणार म्हणतायत."

रांग सुटली.

गावाची फेरी पुरी करून ते नदीवर पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. घाटावर सगळीकडे गाई मोडण्याचं काम चाललं होतं. कुणी कापड सोडवत होतं, कुणी गवत पाण्यात टाकत होतं. योस्तने फेमकेचा फोटो स्वतः सोडवला, क्षणभर छातीशी धरला आणि पाण्यावर ठेवला. पाणी उथळ, गढूळ होतं. फोटो गवताच्या ढिगाला अडला. योस्तने वाकून त्याला बोटाने पुढे ढकललं. मग तो गणेशमानसमोर आला, दोन्ही हात जोडून इतका खाली वाकला की बद्रीने त्याला दंडाला धरून सरळ केलं.

"चला, मिस्टर, चहा पिऊ. उभ्याने पडाल आता," बद्री म्हणाला आणि त्याला पायऱ्यांवरून वर घेऊन गेला.

सासरा आणि सून मागे राहिले. गणेशमान चौकटीच्या गाठी सोडत होता. सकाळी नीट बसत नव्हत्या त्या आता सुटत नव्हत्या. रोजिना समोर बसली. बिकेंद्रचा फोटो तिच्या मांडीवर पालथा होता. ती रडली नाही.

"बा."

"हं."

"हाका मारत होती ती?"

गणेशमानचे हात थांबले.

"वळणापर्यंत ऐकू येत होत्या म्हणाला."

"आणि पुढे?"

"पुढे वारा होता."

रोजिनाने मान हलवली. मग तिने बांबूचं दुसरं टोक धरलं आणि त्याला गाठ सोडवायला सोपं जावं म्हणून ते आपल्याकडे ओढून ताणून ठेवलं.