थोरली धाकटी झाली त्याची गोष्ट

कुणाला पटायचं नाही, आणि न पटो, पण एका घरातली थोरली बहीण एका रविवारी सकाळी दात घासता घासता धाकटी झाली.

दोघी जुळ्या. थोरली आधी आली, धाकटी मागोमाग. मध्ये चहाला आधण येईल इतकाच वेळ गेला असेल. पण तेवढ्या आधणावर थोरलीचा सगळा जन्म उकळला. पडतं घ्यायचं थोरलीनं, समजून घ्यायचं थोरलीनं. आई गेली तेव्हा रडायचं धाकटीनं आणि पाहुण्यांना चहा विचारायचा थोरलीनं. आता बाबांनी अंथरूण धरलं, तर तेही थोरलीच्याच तळमजल्यावरच्या घरी. धाकटी लग्न होऊन त्याच इमारतीत पार वरच्या मजल्यावर. रविवारी लिफ्टनं खाली यायची, बाबांच्या उशाशी सफरचंदं ठेवायची आणि म्हणायची, "ताई, तू आहेस म्हणून बरं. मला नसतं जमलं."

थोरलीची नोकरी घड्याळांच्या प्रयोगशाळेत. तिथली घड्याळं इतकी नेमकी, की दोन सारखी घेऊन त्यातलं एक वरच्या फळीवर ठेवलं, तर ते टेबलावरच्याच्या पुढं जातं. बिघडलेलं नसतं. उंचावर काळच जरा घाईनं चालतो, जमिनीलगत रेंगाळतो. सगळ्यांचा मिळून एकच काळ असं काही नसतंच म्हणे. ज्याचा काळ त्याच्यापाशी. मग 'आत्ता' म्हणजे कुणाचं आत्ता, यावर तिथले शास्त्रज्ञ जेवणाच्या सुट्टीत हमरीतुमरीवर यायचे. थोरली डबा खाता खाता ऐकायची. तिच्या घरी हा प्रश्न केव्हाच सुटला होता. आत्ता म्हणजे बाबांना तहान लागलीय.

आदल्या रात्रीही 'आत्ता' बऱ्याचदा झालं होतं. सकाळी ब्रश तोंडात धरून ती आरशासमोर उभी राहिली. डोळ्यांखाली न लावलेलं काजळ उतरलं होतं. तोंडात फेस तसाच राहिला आणि तिला ते सुचलं.

धाकटी बाबांच्या खोलीत शिरली तशी थोरली म्हणाली, "बस. खोटं वाटेल तुला, पण आजपासून मी तुला ताई म्हणणार."

"काय गं, बरं नाहीये का?"

"तू वर राहतेस. वर काळ पळतो. तुझं लग्न झाल्यापासून पळतोय. आपल्यात अंतर ते केवढं, चहाच्या आधणाएवढं. ते तू केव्हाच कापलंस आणि माझ्या पुढं गेलीस. आमची घड्याळं सांगतात, मी नाही."

धाकटीनं कपाळावरची बट चाचपली. "तरीच माझे आधी पिकले."

आपण केस रंगवतो, हे थोरलीनं सांगितलं नाही.

"तर ताई, थोरलेपण आता तुझं. बाबांना महिनाभर वर ने. मी पडले लहान. मला कुठलं जमायला?"

धाकटी सफरचंद फडक्यानं पुसू लागली.

"न्यायला माझी ना नाही," ती म्हणाली. "पण वर काळ पळतो म्हणतेस ना? मग बाबाही वर भराभर म्हातारे होतील. आहेत ते दिवस उडून जातील गं. त्यापेक्षा इथं रेंगाळू देत. खाली जास्त पुरतील."

धाकटीला काही कळत नाही, या भरवशावर थोरलीनं जन्मभर थापा मारल्या होत्या, आणि ही बया नेमकी आज हुशार निघाली होती.

"तसं काही होत नाही," ती पुटपुटली.

"का नाही होत?"

"फरक फार बारीक असतो."

"बारीक म्हणजे केवढा?"

"शंभर जन्म वर काढलेस तरी पापणी लवायला लागतो तेवढासुद्धा नाही."

"मग मी आधण कसं कापलं?"

बाबा मघापासून डोळे मिटून पडले होते. ते झोपलेत असं दोघी धरून चालल्या होत्या.

"थाप मारतेय ती," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "लहानपणीही झोप झाली नाही की हिच्या थापा सुरू व्हायच्या. धाकटे, माझी उशी घे. चाकाची खुर्ची दाराआड आहे."