जयसिंग ड्रायव्हरचा पाय

कोल्हापूरजवळच्या कळंब्यात येऊन जयसिंग ड्रायव्हर कुठं राहतात म्हणून विचारा, शेंबडं पोरसुद्धा घर दाखवील. माणसानं एसटीत उभी हयात काढली. मुरगूड म्हणू नका, गारगोटी म्हणू नका, घाट म्हणू नका, सगळीकडं गाडी नेली, पण कधी कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता. रिटायर झाल्यावर तो बिल्ला हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला होता. आल्यागेल्याला चहाच्या आधी तो दिसायचा, आणि नाहीच दिसला तर जयसिंगआबा स्वतः बोट करून दाखवायचे. माणूस तसा लाख मोलाचा, पण ह्या एका गोष्टीचा ताठा जरा जास्तच होता. खरं ते सांगायला भ्यायचं कशाला?

तर अशा माणसाच्या दारात त्यांच्या लेकीनं, शिवानीनं, बॅटरीची गाडी आणून उभी केली. शिवानी कागलच्या एमआयडीसीत इंजिनिअर. गाडीला ना आवाज, ना गिअर, ना क्लच. वर आणखी, समोर काही आडवं आलं तर ती स्वतःच ब्रेक लावते म्हणे. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाले, "आवाजच न्हाय तर गाडी जित्ती हाय का मेली, कळायचं कसं? आन आपोआप ब्रेक लागणार आसल तर ड्रायव्हर कशाला ठेवायचा? नुसता हार घालायला?"

"एकदा चालवून तर बघा की आबा," शिवानी म्हणाली.

चालवून बघितली आणि आवडली. पण तसं तोंडानं कबूल करतील तर ते आबा कसले. दर रविवारी लेकीला शेजारी बसवायचं, भाजीच्या निमित्तानं गाडी बाहेर काढायची आणि वाटभर त्याच गाडीला नावं ठेवायची, असा क्रम सुरू झाला.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. एसटीच्या ड्रायव्हर लोकांची एक रीत असते. समोरून लाल गाडी आली की हात वर करायचा. ओळख असो, नसो. उन्हातान्हात दिवसभर एकटं बसलेल्या माणसाला तेवढीच विचारपूस. आबांची नोकरी संपली, पण हात काही रिटायर झाला नाही. लेकीच्या गाडीत बसूनही ते समोरून येणाऱ्या प्रत्येक एसटीला हात करायचे. जुने ड्रायव्हर ओळखून हात वर करायचे. नव्या पोरांना काय माहीत हा बाबा कोण? ती सरळ निघून जायची, आणि दर वेळी आबांना ते लागायचं.

त्या रविवारी कळंब्याच्या जेलच्या भिंतीकडेनं गाडी चालली होती. समोरून गारगोटीची एसटी आली. आबांनी हात वर केला. तिकडं ड्रायव्हर तरणाबांड. त्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं करून गेला. आबांच्या जिव्हारी लागलं. मान वळवून ते त्या एसटीच्या पाठीकडं बघत राहिले, "मस्ती आलीया एकेकाला," असं पुटपुटलेसुद्धा. आणि नेमकी तेव्हाच इमामबी रस्त्यात उतरली. इमामबी म्हणजे दारोदार गावठी अंडी विकणारी म्हातारी. डोक्यावर अंड्यांची बुट्टी, पायात रबरी चप्पल.

गाडीत टीं टीं असा आवाज झाला, समोरच्या पडद्यावर लाल काहीतरी पेटलं आणि गाडी जागच्या जागी खिळली. आबा पुढं फेकले गेले ते पट्ट्यात अडकले. मान सरळ केली तेव्हा इमामबी गाडीपासून हातभर अंतरावर खाली बसली होती आणि अंडी डांबरावर फुटली होती. आबांनी खाली बघितलं. उजवा पाय अजून ॲक्सिलेटरवरच टेकलेला होता. डावा पाय नसलेला क्लच शोधत मॅटवर दाबलेला होता. ब्रेकला त्यांचा पाय लागलाच नव्हता.

लोक धावले. टपरीवाला आकाराम सगळ्यांच्या पुढं. चहाचं फडकं खांद्यावर टाकून तो ओरडला, "दुसरा कोण आसता तर म्हातारी गेलती आज. ड्रायव्हर जुना हाय म्हणून वाचली. पाय बघा पाय, त्यास्नी म्हणायचं ड्रायव्हर." आबांनी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं असावं, आपण तसं धरून चालू. पण चौघांनी पाठीवर थापा मारल्या, कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि उघडलेलं तोंड पाणी पिऊन बंद झालं.

शिवानीनं शेजारी बसून सगळं बघितलं होतं. ती उतरली, इमामबीला हाताला धरून उठवलं, कडेला नेऊन बसवलं आणि परत येऊन एवढंच म्हणाली, "चला आबा." त्या दिवशी वाटभर आबांनी गाडीला नावं ठेवली नाहीत.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बायको सरुबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून दारात उभी होती. "माझा जीव भांड्यात पडला बघा," ती म्हणाली. "शेजारीण सांगत हुती, एवढ्या झटक्यात ब्रेक मारला म्हणं तुमी." आबा "हं" म्हणाले. ह्या "हं"वर पुढचं सगळं उभं राहिलं.

कोल्हापुरात माणसाला शिंक आली तरी चौकात फ्लेक्स लागतो, इथं तर जीव वाचवलेला. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी तिसऱ्या दिवशी भला मोठा फ्लेक्स लावला. मध्ये आबा, मागं एसटी, आणि खाली अक्षरं, 'मशीन ते मशीन, ड्रायव्हर तो ड्रायव्हर'. विहारासमोर मांडव पडला, जाहीर सत्कार ठरला. आबांनी नको म्हणायला पाहिजे होतं. निदान दुखणं काढून घरी झोपायचं. राग येतो तो इथं. माणसानं इस्त्रीचे कपडे घातले, बिल्ला छातीला लावला आणि गेले की ओ.

फेटा बांधला, नारळ दिला. गुच्छ द्यायला पोरांनी इमामबीलाच स्टेजवर चढवलं. तिनं गुच्छ दिला आणि तिथंच उभी राहून आबांच्या तोंडाकडं बघत राहिली. आबा नारळाकडं बघत होते. मग कुणीतरी माईक हातात दिला. 'जय भीम' झालं, दोन शब्द झाले, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर माणसाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

"मशीनला डोळं नसत्यात," आबा म्हणाले. "डोळं मानसाला, पाय मानसाला. त्या आपोआप ब्रेकच्या जिवावर बसला की पाय मंदावतोय. कुणी नवीन गाडी घेतली आसल तर पहिलं ते बंद करा."

मांडव टाळ्यांनी दणाणला. शेवटच्या रांगेत शिवानी बसली होती. ती उठून घरी गेली. पुढच्या रांगेत इमामबीचा लेक आरिफ होता. भाड्यानं गाडी चालवायचा, आणि शिवानीच्याच सांगण्यावरून त्यानं तसलीच गाडी नुकती घेतली होती. तो स्टेजखाली आबांना भेटला, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "काका, माझी आई तुमच्यामुळं हाय." आबांनी हात सोडवून घेतला.

त्यानंतर आबांनी गाडी चालवायचं सोडलं. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे. बिल्ला तसबिरीखालून उचलून कपाटात ठेवला. सरुबाईनं पुसायला म्हणून परत काढला, तर तिच्यावर खेकसले. आतल्या आत कुरतडत होतं. पण माणूस स्वतःची समजूत घालायला हुशार. म्हातारी वाचली ना? मग कुणी वाचवली, काय फरक पडतो? कुणाचं काय नुकसान झालं?

उसाचा हंगाम सुरू झाला आणि नुकसान झालं. आरिफ सकाळी आपल्या लेकीला, मुस्कानला, आणि गल्लीतल्या दोन पोरींना शाळेत सोडायला चालला होता. पुढं उसाची ट्रॉली. मागं ना लाईट, ना लाल पट्टी. ट्रॉली अचानक थांबली, आरिफनं ब्रेक मारला, पण गाडी जाऊन धडकलीच. बाकीच्या पोरी बचावल्या. मुस्कानचं कपाळ फुटलं, टाके पडले. सरुबाईनं केळ्याची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "जाऊन या. तुमास्नी लई मानतोय त्यो."

शिवानीनं आबांना आरिफच्या दारात सोडलं आणि स्वतः गाडीतच बसून राहिली. आरिफ उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. आबांना बघून उठला, पण मान वर केली नाही.

"तुमच्याम्होरं तोंड दाखवायची लाज वाटतीया काका," तो म्हणाला. "ट्रॉली दिसली मला. पर पाय पोचायला उशीर झाला. माझा पाय तुमच्यासारखा न्हाय."

आबांनी विचारलं, "आन ते आपोआप लागणारं?"

"ते तर तुमी मांडवात सांगितल्यापासनं बंदच की. गाडी चालू केली की पहिलं ते बंद करतोय. मशीनची सवय लागली की पाय मंदावतोय, तुमीच म्हणलासा न्हवं?"

तेवढ्यात आतून मुस्कान आली. कपाळाला पट्टी, एक डोळा सुजून बारीक झालेला. आबांच्या हातातली केळी तिनं घेतली आणि विचारलं, "आजोबा, पप्पास्नी तुमच्यासारखा ब्रेक मारायला शिकवशीला?"

त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर आबा सुखानं गेले असते. पण धरणी कुठली घेते. तरी माणसाची जात बघा, अजून पळवाट शोधत होती. "चालू कर ते, आरिफ," आबा म्हणाले. "आसूं दे आपलं, लागलं तर लागलं."

"नको काका. चुकी मशीनची न्हाय, माझी हाय. म्या ठरवलंय. गाडी सोडायची. दुसऱ्याच्या पोरी ज्याच्या जिवावर बसवायच्या, तसला ड्रायव्हर म्या न्हाय."

आता पळायला वाट राहिली नाही. आबा खाली फरशीवर बसले. खुर्ची होती, पण खुर्चीवर बसवेना. "आरिफ," ते म्हणाले, "त्या दिशी माझा पाय ब्रेकवर नव्हता."

"आँ?"

"एसटीवाल्याला हात केला हुता. त्यानं केला न्हाय, म्हणून वळून बघत बसलो. तुझी आई मला दिसलीच न्हाय. ब्रेक गाडीनं लावला. मी न्हाय."

आरिफला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं आबांकडं बघितलं नाही, लेकीच्या कपाळाकडं बघितलं. "मग मांडवात ते काय बोललासा?" त्यानं विचारलं. आवाज चढवला असता, शिवी घातली असती, तर आबांना बरं वाटलं असतं. त्यानं नुसतं विचारलं. आरिफनं खुंटीवरची चावी घेतली आणि ते आपोआप लागणारं चालू करायला तो मागच्या दारानं गाडीकडं गेला.

आतल्या कोपऱ्यात इमामबी बसली होती, ती आता बोलली. "मला म्हाईत हुतं, जयसिंगदादा. तुमचं तोंड एसटीकडं हुतं. मराण म्होरं आलं की लई लख्ख दिसतंय."

"मग त्या दिशी स्टेजवर बोलला का न्हाईसा?"

"तुमची शिवानी आलती. सत्काराच्या आदल्या दिवशी. नको नको म्हणताना पाय धरलं पोरीनं माझं. म्हणाली, आबांजवळ त्यो बिल्ला सोडून दुसरं काय न्हाय, तेवढं राहू दे. मला वाटलं, राहू दे. त्यात कुणाचं काय जातंय?" एवढं बोलून तिनं मुस्कानला जवळ ओढलं आणि पट्टीवरून हात फिरवला.

शिवानी. जिनं शाळेपासून कुणापुढं मान खाली घातली नाही, कारखान्यात साहेबाला तोंडावर चूक सांगते, ती पोरगी अंडी विकणाऱ्या म्हातारीच्या पायाशी वाकली, आणि ती ह्यांच्या खोट्यासाठी. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. गुडघ्याचं खोटं तेवढं खरं झालं म्हणायचं.

बाहेर येऊन ते गाडीत लेकीच्या शेजारी बसले. तिनं एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं. गाडी निघाली. आबा काचेतून समोर बघत म्हणाले, "आकारामच्या टपरीवर थांबव. सगळी असत्यात आता तिथं. त्यास्नी सांगायचं हाय. फ्लेक्स बी काढायला लावतो."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तू लई वाकलीस माझ्यापायी."

शिवानीनं ओठ दाबून धरले, डोळे भरून आले. जेलच्या भिंतीजवळ समोरून गारगोटीची एसटी आली. तोच तरणाबांड ड्रायव्हर. महिनाभर चौकातला फ्लेक्स बघून आता त्याला माणूस ओळखू आला होता. त्यानं हॉर्न दिला, हसला आणि हात चांगला खांद्याच्या वर उचलला. आबांचा हात सवयीनं उठायला लागला. तो त्यांनी धरून मांडीखाली दाबला.

"आबा, हात केला त्यानं," शिवानी तिकडं बघत म्हणाली.

"तू समोर बघ," आबा म्हणाले.