महाराजांना दिसलेली सून

मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. आर्णीच्या आसपासच्या गावांतून आलेली माणसं मोटरसायकली उन्हात टाकून आत घुसली होती. स्टेजवर सर्वसाक्षी महाराज डोळे मिटून बसले होते आणि मिटल्या डोळ्यांनीच लोकांची घरं पाहत होते.

"कोकिळाबाई पुंडलिकराव!" त्यांनी हाक दिली. तिसऱ्या रांगेतून कोकिळाकाकू धडपडत उठल्या. "माय, तुझ्या घरात एक कन्या आहे. तिचं लग्न ठरलंय. पण ती मनातल्या मनात म्हणते, मला हे लग्न नको, बाबांना कसं सांगू? आम्ही खोटं पाहतोय का?"

काकूंचा हात तोंडावर गेला. सगळं कार्यालय जयजयकारानं दणाणलं. काहीएक संबंध नसताना माझ्या बाजूचा माणूस हमसून रडू लागला.

"शास्त्रज्ञ चंद्रावर यंत्र पाठवतात," महाराज म्हणाले, "आम्ही माणसाच्या काळजात उतरतो! पेट्रोल लागत नाही, रॉकेट लागत नाही. कन्येला बाधा आहे. एकवीस दिवस उंबऱ्याबाहेर पाठवू नका, मोबाइल हाती देऊ नका. मंतरलेलं पाणी आम्ही देऊ."

मी राजकुमार राठोड. आर्णीत घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढतो, वायफायचा डबा बसवतो, बिघडला तर दुरुस्त करतो. कार्यालयाचं नेट बंद पडलं म्हणून गेलो होतो आणि काम झाल्यावर मागे उभा राहून तमाशा पाहत होतो.

महाराजांची रीत सोपी होती. त्यांची एक वेबसाइट होती. सकाळी तिच्यावर मनातलं गाऱ्हाणं लिहायचं. नाव लिहायचं नाही, 'महाराज ओळखतात'. दर्शनाला यायचं असेल त्यानं दुसऱ्या पानावर नाव-गाव भरून नंबर लावायचा. पहिल्या पानाचा दुसऱ्याशी संबंध कसा लागणार? म्हणून तर लोक थक्क होत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंचे यजमान पुंडलिकराव यांचा फोन आला. "राजकुमार, ये आन् तो डबा काढून ने. मले घरात नेट नाई पायजे."

गेलो. त्यांची लेक सुरभी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, एरवी दारातच 'दादा, स्पीड काहून कमी आहे?' म्हणून भांडणारी पोरगी. समोरचं ताट तसंच होतं.

"कालपासून जेवली नाई," काकू पुटपुटल्या.

मी डब्याच्या वायरला हात घातला तेव्हा सुरभी माझ्याकडे न पाहता बोलली, "दादा, मी आता मनातसुद्धा काही बोलत नाई. त्यायले दिसते."

माझा हात थांबला. एवढ्या मोठ्या पोरीला स्वतःच्या मनाची भीती वाटावी?

"तू त्या वेबसाइटवर लिहिलं होतं का?" मी हळूच विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली. "पण नाव नव्हतं लिहिलं. शप्पथ. मायनंच सांगतलं होतं, महाराजाले सांगितलं की मन मोकळं होते म्हणून."

"या घरातूनच लिहिलं? याच वायफायवर?"

"हो. माय पोळ्या करत होती तवा."

"आणि काकू, तुम्ही नंबर कधी लावला?"

"पोळ्या झाल्यावर," काकू म्हणाल्या. "काहून रे?"

डबा तसाच ठेवून मी बाहेर आलो, गाडी सुरू केली, कोपऱ्यावर बंद केली, परत सुरू केली. आदल्या दिवशीची एकेक हाक डोक्यात घुमत होती. महाराजांनी ज्यांची नेमकी नस धरली ती माणसं कोण? शिक्षक कॉलनीतले बाबाराव, मेडिकलवाल्याची बायको, कोकिळाकाकू. सगळ्यांच्या घरच्या भिंतीला तारेसाठी भोक मीच पाडलं होतं. आणि आमच्या तांड्यातले किसनसिंग, ज्यांच्या घरी तार नाही, मोबाइलच्या रिचार्जवर सगळं चालतं? त्यांना महाराज म्हणाले होते, "तुझ्यावर कोणीतरी जळतं." हे तर कोणालाही सांगता येतं!

देव फक्त माझ्या गिऱ्हाइकांवरच प्रसन्न कसा?

मी गाडी वळवली.

पुंडलिकराव ओसरीवर उभेच होते. "डबा नाई काढला तू?"

"काकाजी, महाराजांना मन दिसत नाही. हा डबा दिसतो." मी त्यांना हाताला धरून आत नेलं. "तुमच्या घरात तीन मोबाइल आहेत. पण बाहेर जाताना तिन्ही या एकाच डब्यातून जातात. बाहेरच्या जगाला तिघांचा मिळून एकच नंबर दिसतो, आयपी ॲड्रेस म्हणतात त्याला. जी वेबसाइट उघडाल तिला तो नंबर कळतोच, नाहीतर ती आपलं पान पाठवणार कुठे? त्या नंबरावर नाव नसते, घर नसते. फार तर गावाचा अंदाज येतो, तोही चुकतो. कोणाच्या घरी कोणता नंबर होता ते आमच्या कंपनीला माहीत, आणि कंपनी ते असं कोणालाही देत नाही."

"मंग महाराजाले कसं समजलं?"

"नाव काकूंनीच दिलं ना! त्या नंबरावरून आधी एका पोरीची बिननावाची चिठ्ठी आली. थोड्या वेळानं त्याच नंबरावरून कोकिळाबाई पुंडलिकराव हे नाव आलं. दोन्ही एकाच घरातले, हे ओळखायला दिव्यदृष्टी कायले लागते? मोबाइलच्या नेटवर असं जमत नाही, तिथं एका नंबरामागं शेकडो माणसं असतात."

"तू तारवाला," पुंडलिकराव भडकले. "साधूपुरुषाबद्दल बोलून राह्यला!"

बोलल्या त्या काकू. "थांबा जी. पोरगी दोन दिवसांची उपाशी आहे. राजकुमार, तुझं खरं कशावरून?"

"काकू, तुमच्यासमोर एक खोटी चिठ्ठी लिहितो. या घरात जे नाही तेच. महाराजांना मन दिसत असेल तर खोटं लगेच पकडतील."

"आन् त्यायनं पकडलं तर?"

"तर या गावात तार ओढणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वायफायवर, काका-काकू दोघांच्या देखत, मी लिहिलं: 'माझी सून दिपाली माहेरी जाऊन बसली आहे. मुलानं अन्न सोडलं आहे.' नाव लिहिलं नाही. पाऊण तासानं काकूंनी त्याच वायफायवर, स्वतःच्या मोबाइलवरून दर्शनाचा नंबर लावला.

कार्यालयात त्या दिवशी आणखी गर्दी होती. काकूंची हाक यायला दुपार झाली. तोवर पुंडलिकरावांनी टोपी चार वेळा काढली आणि चार वेळा घातली.

"कोकिळाबाई, पुन्हा आलीस!" महाराज झुलू लागले. "त्या दिवशी कन्या दिसली. आज दिसते सून! दिपाली... दिपाली नाव तिचं. माहेरी जाऊन बसली. आणि तुझा पुत्र, अरेरे, अन्नाला शिवत नाही! एका घरात दोन बाधा!"

जयजयकार झाला. तो शांत होईपर्यंत काकू उभ्या राहिल्या.

"महाराज," त्या म्हणाल्या, "मले एकच लेक आहे. पोरगा नाई. मंग सून कुठून आली?"

महाराजांनी तीन दिवसांत पहिल्यांदा डोळे उघडले. "माय... ही मागच्या जन्मीची सून."

"मागच्या जन्मी दिपाली नाव ठेवत होते का जी?" मागून एक बाई ओरडली, आणि हशा फुटला.

पुंडलिकराव हसले नाहीत. ते सरळ स्टेजच्या पडद्यामागे गेले. तिथं कपिल नावाचा सेवक लॅपटॉप मिटत होता. त्यांनी त्याचा हात बाजूला सारला आणि पडदा ओढला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर लांबलचक तक्ता होता: वेळ, नंबर, मजकूर. सारखे नंबर एकाच रंगात रंगवलेले. पिवळ्या रंगात सुरभीचे शब्द जसेच्या तसे होते आणि त्याखाली कोकिळाबाईंचं नाव. महाराजांच्या कानात घातलेल्या छोट्या यंत्रातून कपिल ते वाचून दाखवायचा, महाराज डोळे मिटून ऐकायचे. बाबाराव पुढे आले, स्वतःच्या घरचं दुखणं वाचलं आणि मान खाली घालून उभे राहिले. माणसांनी मग लॅपटॉप जागेवरून हलू दिला नाही. पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहिली गेली. पहिली सही पुंडलिकरावांची होती.

घरी आल्यावर ते सुरभीसमोर खाली बसले. "तुले हे लग्न नाई पायजे?"

"नाई, बाबा."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमचं भेव वाटे."

त्यांनी ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. म्हणाले, "उद्या पावण्यायच्या घरी जाऊन मी लग्नाले नाई म्हणतो. तू पहिले जेव."

मी निघालो तेव्हा सुरभी दारापर्यंत आली. "दादा, पक्कं सांगा. मनातलं कोणालेच दिसत नाई ना?"

"कोणालाच नाही. बोटानं लिहिलं ते दिसतं."

तारा ओढणारा मी, इतकी वर्षं लोकांना स्पीड सांगत आलो, पण हे कधी सांगितलं नाही. आता प्रत्येक घरी सांगतो. तुम्हालाही सांगतो. नाव न लिहिलेली चिठ्ठी नेहमी बिननावाची राहत नाही. अनोळखी पानावर काळीज उघडं करू नका. आणि कोणी तुमच्या मनातलं अचूक सांगितलं, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा: याला हे कळलं कसं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.