घुसळणारीचा गोळा

माझ्या वडिलांना, आबांना, डॉक्टरांनी लोणी बंद केलं त्याला नऊ वर्षं झाली होती. सत्त्याण्णवच्या जानेवारीत तेच डॉक्टर म्हणाले, "घरचं असेल तर थोडं खा." तोवर सगळ्या सांगलीलाच घरच्या लोण्याचं वेड लागलं होतं, हॉटेलवाले पाटी लावून थालीपिठावर गोळा देत होते. आबांनी मला सासरी शिराळ्याला कार्ड टाकलं: रविवारी येतो, तू केलेलं लोणी खायला.

पत्रातून ही फुशारकी मीच मारली होती. खरं तर लोणी काढायच्या सासूबाई. पहिला गोळा स्वतःच्या तळहातावर घेऊन खायच्या आणि मी शेजारी बसून ताक प्यायची. पण "अंजनाच्या हाताला काही जमत नाही" हे आबांचं पालुपद लहानपणापासून ऐकून माझे कान किटले होते. एकदा तरी त्यांना दाखवायचं होतं.

रविवारी सासूबाई धारा काढायला गेल्या तशी मी ह्यांनी मिलिटरी कॅन्टीनमधून आणलेली विजेची रवी लावली. उन्हाळ्यात सासूबाई माठातलं पाणी घालत. मी शहाणी, फ्रिजमधलं घातलं. अर्धा तास रवी गरगरली. वर नुसता फेस आणि बारीक कण, गोळा काही जमेना. मला रडूच कोसळलं.

सासूबाईंनी दारातूनच ओळखलं. "थंडीत गार पाणी घातलंस व्हय? गारठलं की गं ते."

"आत्या," मी सासूबाईंना म्हटलं, "आबा दहाच्या गाडीनं येताहेत. तुम्हीच काढा."

"मी काढलं तर तुझं कसं हुईल?"

त्यांनी सगळं डेऱ्यात ओतलं, कोमट पाणी सोडलं, लाकडी रवी लावली आणि दोरी माझ्या हातात दिली. "वड. दमानं."

मी ओढत राहिले. तळहात लालबुंद झाले. सासूबाई निवांत चहा पीत बसल्या, बोटसुद्धा लावलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. मग घुसळण्याचा आवाज बदलला आणि पांढरं लोणी वर आलं.

तेवढ्यात आबा आलेच. हातपाय धुऊन भाकरीच्या ताटावर बसले आणि त्यांनी लोण्याकडे हात नेला.

"पाव्हणं, थांबा," सासूबाई म्हणाल्या. "पयला गोळा घुसळणारीचा. आमच्या घरची रीत हाय."

"नऊ वर्षं थांबलो. अजून थोडं थांबतो."

सासूबाईंनी गोळा माझ्या तळहातावर ठेवला. आग होत होती तिथं गार वाटलं. आबा माझ्या हातावरचे दोरीचे वळ बघत राहिले.

"जमलं की गं हाताला," ते म्हणाले, आणि भाकरी पुढे केली.