चार शनिवार

"फादर, पाप माझं नाय. पण सांगायचं मला हाय," केसरबाई जाळीला तोंड लावून म्हणाली.

पापनिवेदन ऐकायला महिन्यातून एकदा बाहेरगावचे म्हातारे फादर येत. केसरबाई सिल्वासाजवळच्या एका मिशन बोर्डिंगात चाळीस पोरांचा स्वयंपाक करायची. मागे ना पुढे कुणी. पोरं तिला मावशी म्हणत, तेवढंच गणगोत. त्यातला नथूचा संजू, दहा वर्षांचा, दर शनिवारी बोर्डिंगच्या फादरच्या खोलीत जायचा आणि संध्याकाळी ताटाला शिवायचा नाही. परवा चुलीपाशी येऊन त्यानं काय होतं ते सांगितलं. कुंपणच शेत खातंय, दाद मागावी कुणाकडे?

तिनं जाळीतून सगळं सांगून टाकलं. म्हातारे फादर जाळीजवळ सरकले.

"बाई, हेच बाहेर येऊन सांग मला."

"सांगितलं की आत्ता!"

केसरबाई हलक्या पायानं परतली. खुद्द देवाच्या कानावर घातलं, आता वरचे साहेब बघतील, असं तिला वाटलं. भोळी बाई! शनिवार आले नि गेले, कुणीही आलं नाही. संजू मात्र तिच्याशी बोलेनासा झाला.

महिन्यानं म्हातारे फादर आले, तेव्हा तिनं त्यांना अंगणातच गाठलं. "काय केलंत तुमी?"

"पापनिवेदनात ऐकलेलं मला मरेपर्यंत उच्चारता येत नाही, बाई. म्हणून तर बाहेर ये म्हटलं होतं."

चार शनिवार! केसरबाईनं कपाळावर हात मारला. तो महिना तिनं स्वतःला कधीच माफ केला नाही. चर्चमधली मिस्सा नुकतीच सुटली होती, अंगण भरलेलं होतं. तिथंच, सगळ्यांदेखत, तिनं बोर्डिंगच्या फादरचं नि संजूचं नाव घेऊन सांगितलं.

"ए बाय, तोंड सांभाळ!" कुणीतरी ओरडलं. "शाळा कुणी दिली? विहीर कुणी खोदली?"

नथू तर अंगावरच धावून आला. त्याला खडोलीच्या कंपनीत फादरच्याच चिठ्ठीनं चिकटवलं होतं. "माझ्या पोराची अब्रू चव्हाट्यावर मांडते? गप बस, केसरबाई!"

दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं संजूची पेटी उचलली आणि मुकाट्यानं पोराला घरी नेलं. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

पुढल्या महिन्यात बोर्डिंगच्या फादरची बदली झाली. हार, बँडबाजा, बायकांचे डोळे ओले. केसरबाईनं मागून विचारलं, "तिकडं बी बोर्डिंग हाय का?" कुणीतरी बँडवाल्यांना आणखी जोरात वाजवायला सांगितलं.

स्वयंपाकघरात दुसरी बाई आली. केसरबाई अथालला एका कँटीनमध्ये पोळ्या लाटू लागली. रविवारी ती बाकावर बसली की बाकीच्या बायका उठून पुढे जात. मावशी म्हणणारं कुणी उरलं नाही. एकटेपण खायला उठायचं, खोटं कशाला बोला!

बदलीच्या गावाचं नाव तिनं पोस्टमनकडून काढलं. चौथीपर्यंत शिकली होती, अक्षर वाकडं पण वाचता येण्याजोगं. पाकीट नको, कार्डच घेतलं. वाचू देत वाटेत सगळ्यांना. पत्त्यावर लिहिलं : बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या बाईस.

'ताई, नव्या फादरच्या खोलीत पोरांना एकटं जाऊ देऊ नको. काही कळलं तर त्याच दिवशी चारचौघांत सांग. मग तुझ्याशी कुणी बोलणार नाही. तरी सांग.'

खाली थोडी जागा उरली होती. तिथं तिनं स्वतःचा पत्ता लिहिला.